१२३४५६७८९ या संख्येत खरंच काही विशेष आहे का? (जरा मोठं उत्तर आहे)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १२३४५६७८९ ही संख्या एका कॅल्क्युलेटरमध्ये टाकली तर त्याने गुणधर्मांची भलीमोठी यादी दिली, बारा विभाजक, विभाजकांची बेरीज अमुक, फाय तमुक, हॅपी नाही, हर्षद नाही, इव्हिल आहे, डेफिशियंट आहे वगैरे वगैरे, आणि यातलं नेमकं महत्त्वाचं काय आणि हे सगळं हाताने काढता येतं का. शिवाय ९८७६५४३२१ ला १२३४५६७८९ ने भागलं तर ८.०००००००७२९ असं काहीतरी येतं, ती कॅल्क्युलेटरची चूक आहे का. चूक नाहीये, त्याच्याकडे येतो, पण आधी यादीचं बघू.

मी बरीच वर्षं अंकशास्त्र शिकवतोय (भविष्यवालं नव्हे, नंबर थिअरी) आणि अवयव पाडायचे प्रोग्रॅम लिहितो, तर अशी यादी समोर आली की मी पहिल्यांदा तिचे दोन ढीग करतो. एका ढिगात संख्येचे स्वतःचे गुणधर्म, दुसऱ्यात ती दशमान पद्धतीत लिहिल्यावर जे अंक दिसतात त्यांचे गुणधर्म. संख्या तीच राहते, अंक म्हणजे तिच्या अंगावरचे कपडे, पाया (म्हणजे दहाच्या, दोनच्या की आठच्या गटांत मोजायचं ते) बदलला की कपडे बदलले. बऱ्याच याद्या हे दोन्ही एकत्र कालवून देतात आणि मग वाचणाऱ्याला सगळंच सारखं महत्त्वाचं वाटायला लागतं.

दुसरा ढीग आधी उरकून टाकू. हर्षद म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या, हे नाव आपल्या द. रा. कापरेकरांनी दिलेलं. इथे अंकांची बेरीज ४५, आणि शेवटचा अंक ९ असल्यामुळे ५ ने भाग जात नाही म्हणजे ४५ नेही नाही, संपलं. हॅपी म्हणजे अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं की शेवटी १ यायला पाहिजे. इथे २८५, ९३, ९०, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९ असं जात जात पुढे परत ३७ ला येऊन गोल गोल फिरत बसतं, म्हणून नाही. इव्हिल म्हणजे द्विमानात लिहिल्यावर एकांची संख्या सम, इथे २७ बिट्स लागतात आणि त्यात १६ वेळा १ येतो म्हणून इव्हिल. गंमत म्हणून ठीक आहे, कोडी घालायला उत्तम, पण पाया ७ घेतला तर हॅपी आणि हर्षद ही दोन्ही उत्तरं वेगळी येऊ शकतात, त्यामुळे संख्येबद्दल यातून फार काही कळत नाही.

अंकांवरून एकच गोष्ट खरोखर कामाची निघते ती ९ ची. अंकांची बेरीज ४५, तिला ९ ने भाग जातो म्हणून संख्येलाही जातो. आणि हे अंकांच्या क्रमावर अवलंबून नाही, म्हणजे १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून ज्या ३,६२,८८० संख्या तयार होतात त्या सगळ्यांना ९ ने भाग जातो, त्यातली एकही मूळ संख्या नाही. हे इतकं फुकटात मिळतं कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते. अष्टमानात (पाया ८) हीच जादू ७ च्या बाबतीत चालते.

आता पहिला ढीग. विभाजक किती, त्यांची बेरीज, फाय, डेफिशियंट आहे की नाही, दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, वर्गांतला फरक म्हणून किती प्रकारे, ही सगळी एकाच गोष्टीची पिल्लं आहेत, ती म्हणजे मूळ अवयव. ते सापडले की बाकी सगळं दहा मिनिटांची बेरीज-गुणाकार, ते नाही सापडले तर यादीतल्या निम्म्याहून जास्त ओळी लिहिताच येत नाहीत. म्हणून मला विचाराल तर यादी पाठ करू नका, अवयव पाडायला शिका.

१२३४५६७८९ ला ९ ने भागलं की उरतात १,३७,१७,४२१. आता परत ३ ने भाग जात नाही (अंकांची बेरीज २६). शाळेतली पद्धत म्हणजे ५, ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं, वर्गमूळापर्यंत. वर्गमूळ आहे ३७०३ च्या थोडं पुढे. ५०० वी मूळ संख्या ३५७१ आहे, त्यामुळे नशीब वाईट असेल तर पाचशेवर भागाकार. आणि इथे ते वाईटच आहे, कारण यातला लहान अवयव ३६०७ म्हणजे ५०४ वी मूळ संख्या! हाताने करायला बसलात तर अर्ध्यात सोडून द्याल.

पण थांबा, मी हाताने करताना भागाकाराच्या आधी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती एक-दोनदा लावून बघतो, काही खर्च होत नाही. फर्माने ती १६४३ च्या सुमारास पत्रातून सांगितली होती, आणि कल्पना शाळेतल्याच सूत्राची आहे: दोन वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. विषम संख्या घ्यायची, तिच्या वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याचा वर्ग करून त्यातून आपली संख्या वजा करायची, आणि जे उरलं ते पूर्ण वर्ग आहे का बघायचं. नसेल तर पुढचा पूर्णांक.

करून बघू. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६, त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५. ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९, जमलं नाही. पुढचा, ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! म्हणजे १,३७,१७,४२१ = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३. पाचशे भागाकारांचं काम दुसऱ्याच प्रयत्नात झालं. दोन्ही अवयव मूळ आहेत, ते ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून तपासता येतं, त्याला पाच मिनिटं पुरतात.

तर १२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३.

आता यादी आपोआप भरते. विभाजकांची संख्या: ३ किती वेळा घ्यायचा याचे तीन पर्याय (शून्य, एक, दोन), ३६०७ चे दोन, ३८०३ चे दोन, गुणाकार १२. विभाजकांची बेरीज: (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात, हे संख्येपेक्षा कमी म्हणून डेफिशियंट. जास्त असते तर अबंडंट, आणि बरोबर तेवढेच असते तर परिपूर्ण संख्या, जशी ६ किंवा २८. फाय, म्हणजे १ पासून या संख्येपर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही: ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. हे संख्येच्या जवळजवळ दोन तृतीयांश आहे, आणि ते का हे अवयवांकडे बघून लगेच कळतं, ३ ने एक तृतीयांश संख्या बाद केल्या, ३६०७ आणि ३८०३ इतके मोठे आहेत की ते बिचारे फार कुणाला बाद करतच नाहीत.

वर्गांतला फरकही बघा, वरच्याच ३७०५ आणि ९८ ला ३ ने गुणा: ११११५ आणि २९४. ११११५ चा वर्ग १२,३५,४३,२२५, २९४ चा वर्ग ८६,४३६, वजाबाकी बरोबर १२,३४,५६,७८९. असे एकूण सहा प्रकार निघतात, कारण बारा विभाजकांच्या सहा जोड्या लागतात आणि संख्या विषम असल्याने प्रत्येक जोडी एक फरक देते.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेचा. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेला ४ ने भागून बाकी ३ कधीच येत नाही. आपल्या संख्येची बाकी १ येते, म्हणजे वरवर बघता अडचण दिसत नाही. पण नियम आणखी खोल आहे, ४ ने भागून ३ बाकी उरणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की दोन वर्गांची बेरीज अशक्य. ३६०७ ची बाकी ३, ३८०३ ची पण ३, दोघे एकेकदाच आलेत. दोन तिनांचा गुणाकार ९, त्याची ४ ने बाकी १, म्हणून बाहेरून संख्या साधी दिसत होती. म्हणजे अवयव माहीत नसताना तुम्ही या प्रश्नाचं उत्तर फसवं दिलं असतं. तीन वर्गांची बेरीज मात्र होते, तिथे ८ ने भागलेली बाकी बघायची असते, ती ५ आहे, ७ असती तर बात वेगळी होती.

मग ही संख्या विशेष आहे का? विशेष कशासाठी यावर आहे ते. अंक डोळ्यांना छान दिसतात यात वादच नाही. पण अवयवांच्या दृष्टीने बघाल तर एकदम सर्वसामान्य. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवलं की एखाद्या संख्येला साधारण किती वेगवेगळे मूळ अवयव असतात तर तिच्या नैसर्गिक लॉगचा लॉग इतके, थोडेफार इकडे तिकडे. आपल्या संख्येचा लॉग १८.६३, त्याचा परत लॉग २.९२. आणि मूळ अवयव किती? ३, ३६०७, ३८०३, तीन. याहून सरासरी काय असणार. आता शेजारची १२,२५,२२,४०० घ्या, हिला तब्बल ८६४ विभाजक आहेत आणि हिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. माझ्या लेखी विशेष संख्या ती, पण तिचे अंक बघून कुणी तिचा स्क्रीनशॉट काढणार नाही.

आता तुमचं ८.०००००००७२९. १२३४५६७८९ ला ८ ने गुणा आणि ९ मिळवा, येतात बरोबर ९८७६५४३२१. म्हणजे भागाकार ८ आणि बाकी ९, उत्तर ८ अधिक ९ भागिले १२३४५६७८९. आता तो छोटा तुकडा ७२९ का? १२३४५६७८९ ला ९ ने गुणलं की १,११,११,११,१०१, परत ९ ने गुणलं की ९,९९,९९,९९,९०९, हे एक हजार कोटीला फक्त ९१ कमी. म्हणजे आपली संख्या जवळजवळ एक हजार कोटी भागिले ८१ आहे. तिने ९ ला भागा, ९ × ८१ म्हणजे ७२९, भागिले एक हजार कोटी. झालं की. तो ७२९ म्हणजे ९ चा घन आहे, आणि ९१ ची तूट असल्यामुळे पुढे बरीच शून्यं जाऊन परत आकडे सुरू होतात, मोठ्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

हा पॅटर्न मात्र मी दुसऱ्या ढिगात आंधळेपणाने ढकलणार नाही, कारण तो फक्त दशमानात नाही तर प्रत्येक पायात चालतो. चतुर्मान घ्या, म्हणजे पाया ४. त्यात १२३ म्हणजे आपले २७, आणि ३२१ म्हणजे आपले ५७. पाया ४ म्हणून ८ च्या जागी २ आणि ९ च्या जागी ३ येतात: २७ × २ + ३ = ५७. तर अंकांचे सगळेच गुणधर्म उथळ असं मी म्हणत नाहीये, पाया बदलून बघा, टिकला तर त्यामागे बीजगणित आहे, शोधून काढा.

८ ने गुणून ९ मिळवायच्या त्या एका ओळीतून अजून एक गोष्ट फुकट मिळते. १२३४५६७८९ आणि ९८७६५४३२१ यांचा मसावि काय? एकीला दुसरीने भागून बाकी ९, आणि दोघींना ९ ने भाग जातो, म्हणून मसावि ९. युक्लिडची रीत एका पायरीत संपली, अवयव पाडायचीही गरज पडली नाही.

आता तुम्ही म्हणाल फर्माची युक्ती इतकी भारी आहे तर कायम तीच वापरू. नाही, इथे सगळं संख्येवर अवलंबून आहे. ती इथे चालली कारण ३६०७ आणि ३८०३ एकमेकांच्या जवळ आहेत, फरक फक्त १९६. ९८७६५४३२१ वर लावून बघा. ९ काढल्यावर उरतात १०,९७,३९,३६९, वर्गमूळाच्या वरचा पूर्णांक १०,४७६. तिथून सुरू करून वर्ग जुळायला थेट १,९०,००५ पर्यंत जावं लागतं, म्हणजे जवळपास एक लाख ऐंशी हजार प्रयत्न! कारण हिचे अवयव १७ × १७ × ३,७९,७२१, एक टोक इथे आणि दुसरं तिथे. आणि शाळेतली भागाकाराची पद्धत? १७ ही सातवी मूळ संख्या, अर्ध्या मिनिटात सापडते. एका संख्येत जी पद्धत झोपली तीच दुसरीत धावली. म्हणून आधी शे-दोनशे लहान मूळ संख्यांनी भागून बघायचं, मग फर्माची युक्ती थोडी चालवायची, आणि तरी नाही जमलं तर मग मोठी हत्यारं.

मोठी हत्यारं कधी लागतात? बारा-तेरा अंकांपर्यंत कॉम्प्युटरला साधा भागाकारच पुरतो, दहा लाखांच्या आत फक्त ७८,४९८ मूळ संख्या आहेत, त्या एका झटक्यात होतात. त्यापुढे पोलार्डची १९७५ ची ऱ्हो पद्धत, त्याच्याही पुढे लेन्स्ट्राची एलिप्टिक कर्व्ह वाली, आणि शंभरावर अंक गेले की नंबर फील्ड सीव्ह. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असलेली आरएसए-२५० नावाची २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, त्याला एका प्रोसेसर कोरच्या हिशोबाने सुमारे २७०० वर्षांचं गणित खर्च झालं (हजारो कोर एकदम चालवले म्हणून आटोपलं). आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीची किल्ली बनवताना दोन मूळ संख्या एकमेकांच्या फार जवळ घेऊ नका असं सांगतात, त्याचं कारण तुम्ही वर ३७०५ आणि ९८ मध्ये आत्ताच बघितलं.

एक गोष्ट इथे लोक नेहमी गोंधळतात म्हणून सांगतो, संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं सोपं आहे, तिचे अवयव काढणं अवघड. मिलर-राबिन चाचणी अवयव न काढताच सांगते की ही मूळ नाही. आणि १,३७,१७,४२१ सारख्या अडीच कोटींच्या आतल्या संख्येला २, ३, ५ हे तीनच आधार (म्हणजे चाचणीत वापरायचे आकडे) घेऊन ती चालवली तर उत्तर शंभर टक्के खरं असतं, बहुतेक वगैरे नाही. कितीही मोठी संख्या असली तरी वाजवी वेळात पक्कं उत्तर देणारी पद्धत असते हे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. अवयवांसाठी अशी वेगवान पद्धत साध्या कॉम्प्युटरवर अजून कुणाला सापडलेली नाही. तेव्हा तुमच्या कॅल्क्युलेटरने एखाद्या तीनशे अंकी संख्येला 'मूळ नाही' एवढंच सांगून पुढच्या ओळी रिकाम्या सोडल्या तर त्याला दोष देऊ नका.

थोडक्यात क्रम असा धरा: लहान मूळ संख्यांनी भाग, उरलेल्यावर मूळ आहे का ही चाचणी, नसेल तर फर्मा, मग ऱ्हो, अवयव हातात आले की विभाजक, बेरीज, फाय, वर्ग हे सगळं कागदावर.

सरावाला ९८७६५४३२१ ची दोन वर्गांची बेरीज करा, तिची होते. ३ ची बाकी ३ असली तरी तो दोनदा आलाय म्हणून चालतो, १७ आणि ३,७९,७२१ दोन्हींची ४ ने बाकी १. तीन आणि सतरा दोन्ही दोनदा आहेत म्हणून ५१ चा वर्ग बाहेर काढा, मग फक्त ३,७९,७२१ उरतात. त्याच्या वर्गमूळापासून, म्हणजे ६१६ पासून, एकेक उतरत जा आणि उरलेला भाग पूर्ण वर्ग होतो का बघा: ६१६ ला २६५, नाही, ६१५ ला १४९६, नाही, असं करत ६११ ला ६४०० उरतात, तो ८० चा वर्ग. दोघांना ५१ ने गुणा, ३१,१६१ आणि ४,०८०. पहिल्याचा वर्ग ९७,१०,०७,९२१, दुसऱ्याचा १,६६,४६,४००, बेरीज ९८,७६,५४,३२१.